मेडिकलवाल्याच्या गोळ्या

गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात जंतू सापडले नाहीत, तरी सर्जनबाईंच्या कपाळावरची आठी काही जाईना. सरोजिनीबाईंचा गेल्या वर्षी बदललेला गुडघा तर सुजून टम्म झाला होता.

“आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलंत? अशानं जंतू मरत नाहीत, नुसते दडून बसतात.”

शेजारी बसलेल्या लेकानं मान खाली घातली. दातांचा डॉक्टर तो. आई कण्हली की फोनवरूनच गोळ्या सांगायचा. सरोजिनीबाई घाईनं म्हणाल्या, “कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दिल्या हो. मीच मागितल्या.”

सर्जनबाईंनी दोघांकडे पाहिलं. “आता दोन आठवडे त्या गोळ्या बंद. मग पुन्हा पाणी तपासू. जंतू हाती लागला, तर गुडघा वाचेल कदाचित.”

मग त्या लेकाकडे वळल्या. “डॉक्टर, तेवढं त्या मेडिकलवाल्याला तुम्हीच समजावून सांगा.”