नियमापुरती काच

"कापू का?" सुताराने विचारलं आणि अध्यक्षांकडे पाहिलं.

"दाराला हात लावायचा नाही," अध्यक्ष म्हणाले.

"कापा," सचिव म्हणाली.

अध्यक्ष म्हणजे बाबा आणि सचिव म्हणजे त्यांची लेक. वाचनात मागे पडलेल्या मुलांना एकेकटं बसवून शिकवायची संस्था. नोंदणी नुकतीच झालेली, पाटीचा रंग अजून बोटाला लागत होता. उद्या तपासणीला बाई यायच्या होत्या. ज्या खोलीत मोठं माणूस एकट्या मुलाला घेऊन बसतं, त्या खोलीच्या दाराला आरपार दिसणारी काच हवी, असा नियम. काच नाही तर परवानगी नाही, परवानगी नाही तर वर्ग नाही. एवढी साधी गोष्ट सकाळपासून बाबांच्या गळी उतरत नव्हती.

दार सागाचं, भक्कम. पाडायला काढलेल्या एका बंगल्यातून बाबांनी ते हुडकून आणलं होतं आणि स्वतः घासून पॉलिश केलं होतं.

आई खिडकीशी बसून नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होती. सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत तिचं मौन असे. कित्येक वर्षांचा नेम. घराला आग लागली तरी ही भांडं वाजवून सांगेल, असं बाबा चारचौघांत कौतुकाने सांगत.

"मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालोय मी," बाबा म्हणाले. "आता माझ्यावर पहारा?"

"तुमच्यावर नाही. खोलीवर."

"आणि खोलीत कोण बसणार? मीच ना? उद्या म्हणशील, पोलिसांचा दाखला आणा."

"तो आलाय. मागे न वाचता सही केलीत ना, ती त्याच्याच अर्जावर होती."

सुताराला हसू आलं. ते लपवायला तो उगाच चौकट मोजू लागला.

बाबांचे कान लाल झाले. "म्हणजे पोटच्या पोरीने बापाची पोलिसांत चौकशी करवली. लोकांना सांगू कसं मी हे?"

"सांगा की. माझीही झालीय. आईचीही झालीय. आईने काही थयथयाट केला नाही."

"तिला बोलायचंच नसतं, ती काय करणार!"

आई कव्हराची घडी नखाने दाबत राहिली.

बाबा दोन वेळा खोलीत आत जाऊन बाहेर आले. मग दारासमोर उभे राहिले आणि एकदम समजूतदार आवाजात म्हणाले, "बरं. घाला काच. पण ही अशी, तळहाताएवढी. आणि इथे, वर." त्यांनी हात डोक्याच्या वर नेला. "नियमापुरती."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि त्यांनी दाखवलं तिथे छोटासा चौकोन आखला.

"त्यातून बघायला तपासणीच्या बाईंना शिडी द्यावी लागेल," लेक म्हणाली.

"नियमात उंची लिहिलीय का?"

लेक म्हणाली, "नाही."

"झालं तर मग."

"बाबा, त्यातून मूल दिसणार नाही."

"मुलाला काय बघायचंय? मूल शिकत असतं." जिंकल्यामुळे बाबांचा आवाज मोकळा झाला होता. "आमच्या वेळी कुठल्या काचा नि काय! तुझे गाण्याचे सर यायचे घरी. आतल्या खोलीत दार लावून तास चालायचा. मध्ये जायची कुणाची टाप नव्हती. आणि तू! नको नको म्हणून रडून घर डोक्यावर घ्यायचीस. चौकट धरून बसायचीस, बोटं सोडवावी लागायची तुझी. पण मी एकदाही ऐकलं नाही. म्हणून तर स्पर्धेत बक्षीस आणलंस. सांग याला, काय बिघडलं तुझं?"

कागदात गुंडाळलेली काच लेकीच्या हातात होती. तिने ती नेऊन भिंतीला टेकवली. हातात राहिली असती तर फुटली असती.

"सांग ना," बाबा म्हणाले. "काय बिघडलं?"

सुतार पायाशी पडलेल्या खिळ्याकडे बघत होता.

आई उठली. मांडीवरचं पुस्तक जमिनीवर पडलं, ते तिने उचललं नाही. दारापाशी येऊन तिने सुताराच्या हातातली पेन्सिल घेतली. दुसरा हात तिने दारावर टेकवला, आपल्या छातीच्या जरा खाली, आडवा, मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. त्या हाताखालून तिने दाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढली. पॉलिश खरवडलं गेलं, पेन्सिलीचं टोक तुटलं, तरी ती लाकडाने ओढत राहिली.

"काच इथून खाली घ्या," आई म्हणाली. सकाळपासून न वापरलेला तिचा आवाज घोगरा निघाला. "एवढी होती ही."

बाबांनी लेकीकडे पाहिलं नाही. रेघेकडेही पाहिलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अगं, जेवण व्हायचंय अजून," ते म्हणाले. "तुझं मौन मोडलं."

"मोडलं," आई म्हणाली. तिने तुटकी पेन्सिल सुताराला परत दिली. "कापा हो तुम्ही."

सुताराने यंत्राची पिन भिंतीत खोचली. या वेळी त्याने अध्यक्षांकडे पाहिलं नाही.