पाणसळीतला बुडबुडा

न्यूपोर्टच्या खाडीत ती पाणबुडी पाच वर्षं बुड्या मारत होती, आणि पाण्याखाली तिचा एकच नियम होता: कोणी जागचं हलायचं नाही. एक माणूस चार पावलं चालला, तरी बोट तिकडे कलायची. म्हणून दर सकाळी सातही खलाशांना काट्यावर चढवून, वजन बघून त्यांच्या जागा ठरवत.

बोटीच्या बरोबर मध्यावर, सुकाणूच्या चाकापाशी, लेम्युएल बसे. त्याच्यासमोर पाणसळ होती, बोटीचा कल दाखवणारी पाण्याची काचनळी. बोटीचं नाक जड झालं की तिच्यातला बुडबुडा शेपटाकडे पळे.

त्या दिवशी चाळीस फुटांवर तो शेपटाकडे पळाला.

"ओटिस, पुढे कशाला कडमडलास रे?" लेम्युएल खेकसला.

"मी? मी इथे इंजिनापाशी आहे, तुझ्या मागे!" मागून ओटिसचा आवाज आला.

कप्तान व्हिटकॉम्बसाहेबांनी दिवा फिरवून स्वतःसकट माणसं मोजली. सात. सगळे आपापल्या जागी. नाकाकडच्या अंधारात कोणीच नव्हतं.

"पुढच्या टाकीत पाणी शिरलं असेल," साहेब म्हणाले.

मग बुडबुडा परत फिरला. थोडा सरकायचा, थांबायचा, पुन्हा थोडा सरकायचा. पाणी असं वाहत नाही. अंधारात चाचपडत माणूस असा चालतो.

बुडबुडा मधल्या रेघेवर येऊन थांबला.

"आली बया ताळ्यावर!" बोट सरळ झालेली पाहून साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

लेम्युएलला मान वळवायचा धीर होईना. ते वजन आता बोटीच्या मध्यावर आलं होतं, आणि बोटीचा मध्य म्हणजे तो बसला होता तीच जागा.