गंज नसलेली बंदूक

कारखान्याचा शिक्का कानशीने घासून काढल्यावर बाबालाल शिकलगारांनी नव्या कोऱ्या चकमकीच्या बंदुकीवर मीठ-व्हिनेगरचा बोळा फिरवला. लाकडी दस्त्याला चहाचं पाणी पाजलं. जन्मभर हत्यारांचा गंज काढणारे हात आता गंज चढवत होते. इनामदारांना ती 'खापरपणजोबांची' म्हणून संग्रहालयाला द्यायची होती.

आठवड्याने इनामदारांच्या ओसरीवर संग्रहालयाच्या साहेबांनी नळीवरून बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. "वा! दोनशे वर्षं तरी झाली असतील. मधल्या कपाटात ठेवू."

बाबालालना राहवलं नाही. "साहेब, माझ्या पणजोबांची बंदूक तुम्हीच परत केली होतीत."

"ती होय? नक्कल होती हो ती, मिस्त्री. खऱ्या जुन्या बंदुकीला इतकी चकाकी असते का कुठं?"

शिकलगारांच्या चार पिढ्यांनी दर खंडेनवमीला तिला तेल दिलं होतं. गंजाचा ठिपका दिसला तर त्या दिवशी घरात चूल पेटत नसे. घरी येऊन बाबालालनी ती खुंटीवरून उतरवली, कपाळाला लावली आणि उरलेल्या व्हिनेगरमध्ये बोळा बुडवला.