कान तर चांगले आहेत

पहाटेपासून जिजाबाईंना गरगरत होतं, उभंही राहवत नव्हतं. दवाखान्यात तपासणी करणाऱ्या उन्नतीनं कानातला तोल बघायला त्यांना कॅमेऱ्याचा चष्मा चढवला होता. ती त्यांची मान झटकन वळवायची, पडद्यावरचा आलेख पाहायची आणि पुन्हा सॉफ्टवेअरची सेटिंग बदलत बसायची. नवरा नत्थूजी पार वैतागले.

"अवं पोरी, मान हाये का नळाची तोटी? किती पिरगाळशीन?"

"काका, मशीन कान चांगले दाखवून राहिली."

"मंग कटकट कायची? चल वं जिजा, उमरेडची बस भेटते अजून!"

उन्नतीनं सेटिंग शेवटची तपासली. चूक कुठंच नव्हती. तिनं डॉक्टरांना फोन लावला, स्ट्रेचर मागवलं.

"घरी नाही, काका. कान चांगले असून इतकं गरगरते, म्हणजे हे मेंदूचं वाटून राहिलं. कानातच बिघाड निघावा म्हणून तर मी मघापासून धडपडून राहिली होती."