मण्यार चावल्याची वेळ

रविंद्र जन्माचा हट्टी. पहाटे चारला अंथरुणात पोरीच्या पायाला मण्यार चावला. आई, मनकर्णाबाई, जीप बोलव, जीप बोलव म्हणत राहिली आणि हा शहाणा लेक पुनमला पाठुंगळी घेऊन मांत्रिकाच्या ओट्यावर जाऊन बसला. दगडोबा मांत्रिकानं तिला लिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागतो, म्हणाली पोरगी. कडू लागला म्हणजे विष उतरलं, असं ठरलं. सातला तिच्या पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा कुठं जीप निघाली.

हिंगोलीच्या रस्त्यावर गोरेगाव मागं पडलं. दवाखान्यातल्या बाईनं फोनवर सांगितलं होतं, तिला बोलती ठेवा, आवाज बदलतो का बघा. मनकर्णाबाईनं नातीचं डोकं मांडीवर घेतलं. पण नऊ वर्षांच्या लेकराशी बोलायचं काय? पुनमच्या डोक्यात एकच खूळ. वहीच्या एका पानावर राक्षस, समोरच्या पानावर जादूगार. कुणात किती ताकद, कोण कशानं हरतो. ती वही चुलीत घालीन म्हणून आजीनं कितीदा दम दिला होता. आज तिनंच विचारलं, काय गं, राक्षस मोठा का जादूगार?

राक्षस डोंगर उचलतो, पुनम म्हणाली, पण त्याला उजेडात दिसत नाही. जादूगाराला काडी उचलवत नाही, पण दिसतं सगळं.

मग जादूगारच जिंकत असंल, आजी म्हणाली.

पुनमनं मान हलवली. ओठ हलले, पण जीभ वळेना. आजीनं कान तिच्या तोंडाशी नेला.

"मंत्र म्हणाया तोंड लागते, आजी. जीभ धरली का... जादूगार गेला."

त्यानंतर शब्द आला नाही.

मनकर्णाबाईनं नातीचं बोट आपल्या तळहातावर ठेवलं आणि एकटीच दोघांच्या वतीनं भांडायला लागली. मुद्दाम चुकीचं. पुनमला चूक खपत नसे. राक्षस ढेकूळसुद्धा उचलत न्हाई, ती म्हणाली. बोट हललं, म्हणजे नाही. जादूगार आंधळा हाय. बोट हललं, नाही. रविंद्र पुढच्या सीटवर खाली मान घालून बसलेला. राक्षस शेळीला भेतो. बोट जरासं हललं.

हिंगोलीत शिरताना आजी म्हणाली, दोघंबी मेले. बोट हललं नाही.

दवाखान्यात पोरीला पलंगावर टाकलं. तरुण डॉक्टरीण तिच्या पापण्या उघडून बघत होती. साप किती वाजता चावला, तिनं विचारलं.

"आत्ताच," रविंद्र म्हणाला. "तास झाला असंल."

ती लिहायला लागली. मनकर्णाबाईनं तिचा पेनाचा हातच धरला. चारला चावला, बाई, ती म्हणाली. तीन तास आमी मांत्रिकाच्या ओट्यावर होतो. डॉक्टरीण पेन टाकून नर्सला हाका मारत श्वासाची नळी आणायला धावली.

भिंतीला टेकलेल्या लेकाकडं मनकर्णाबाई वळली. तिचा आवाज चढला नाही.

"लेकरू हातचं चाललं, रविंद्रा, अन् तू अजून अब्रू झाकून राहिला."