झाकणाची आतली बाजू

“दार लावून घ्या, ताई. उजेड नको,” म्हणत सहायिकेने प्रयोगशाळेतला दिवा मालवला.

मुलगी आईचं सामान न्यायला आली होती. चष्मा, स्वेटर, कानतुटका कप. आईला जाऊन महिना झाला होता. शेवटपर्यंत आई याच टेबलाशी बसून अँटिबॉडीला डाय, म्हणजे रंग, जोडत असे. हा डाय डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. अँटिबॉडी शरीरात जिथे जाऊन चिकटेल, तिथे तो पडद्यावर उजळतो.

सहायिकेने फ्रीजमधून पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उलटं करून कॅमेऱ्याखाली ठेवलं.

“डाय लागलेल्या हातमोज्यांनी कशालाही हात लावला की मॅडम आमची चंपी करायच्या. आणि आता हे बघा.”

पडद्यावर चार बोटं उमटली. हातमोज्यातली, म्हणून रेषा नसलेली. करंगळी तेवढी बाहेर वळलेली. आईची ती करंगळी दारात चेंगरली होती. दार मुलीनेच आपटलं होतं, सहा वर्षांची असताना.

मुलगी पुढे झुकली.

“फिकट होतायत का?”

“हो. बघायचं तर प्रकाश टाकावा लागतो, आणि प्रकाशानेच डाय उडतो. डब्यात अंधार होता म्हणून इतके दिवस टिकलं. फोटो काढलाय, तो देते. पण डबा आज वापरायला लागणार. म्हटलं, पुसायच्या आधी तुम्ही पाहून घ्या.”

“बंद करा,” मुलगी घाईने म्हणाली. “बाबांना राहू दे थोडं.”

बाबा खाली गाडीत बसले होते. मी काही वर येत नाही, असं त्यांनी घरूनच बजावलं होतं. तिने फोन लावला.

“बाबा, वर या. नाही, उचलायचं काही नाही. या तुम्ही.”

ते आले. जिना चढून धाप लागली होती. चार बोटं पुन्हा उमटली, मघापेक्षा मंद. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. ते पडद्याशी वाकले. मग एकदम हसले.

“आणि मला रोज उंबऱ्यातच अडवायची. कशाला शिवू नका, आधी हात धुवा!”

बोटं विरत चालली. करंगळी सगळ्यात शेवटी. या वेळी ‘बंद करा’ असं कुणी म्हणालं नाही.

झाकण पुसायला भिजवलेला कापसाचा बोळा सहायिकेच्या हातातच वाळला.