यादीतलं तिसरं नाव

यादीतलं तिसरं नाव वाचताना करुणा अडखळली. नवनाथ किसन भालेराव, पाटस. तिनं मान वर केली. दुसऱ्या रांगेत तिचे वडील बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, तिच्याकडं बघून हसत.

शिरूरच्या बाजारपेठेतला एक गाळा जप्त झाला होता. मालकानं नऊ वर्षं घरपट्टी भरली नव्हती. आज त्याचा लिलाव होता, आणि बोली पुकारायचं काम नगरपरिषदेच्या वसुली खात्यातल्या करुणाकडं होतं.

नवनाथनं साखर कारखान्यात छत्तीस वर्षं फिटरचं काम केलं. रिटायर झाल्यावर मोटार दुरुस्तीचं स्वतःचं दुकान टाकायचं, एवढीच त्याची इच्छा. लिलावात गाळा निम्म्या भावात पडतो, असं त्यानं ऐकलं आणि सगळा फंड काढला. घरात कुणाला बोलला नाही. फक्त कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला, मच्छिंद्रला, बरोबर घेऊन आला. "माझी पोरगी पुकारणार हाय. बघायला चल," म्हणाला.

करुणानं यादी टेबलावर ठेवली.

"तीन नंबरचे बोलीदार माझे वडील आहेत. लिलाव करणाऱ्याच्या घरच्यांना बोली लावता येत नाही. त्यांचं नाव कमी करतेय. अनामत परत मिळेल."

मागं कुणीतरी हसलं. नवनाथ उठला.

"आगं, पैसं माझं हायेत. घामाचं."

"पैसे तुमचे आहेत, आप्पा. पण लिलाव माझ्या हातात आहे. तुम्ही बाहेर थांबा."

मच्छिंद्रनं दंड धरून त्याला बाहेर नेलं. गाळा कवठे येमाईच्या रविराज नावाच्या कांदा व्यापाऱ्यानं एकोणीस लाखाला घेतला. त्यानं तिथंच पेढे वाटले. पायरीवर बसलेल्या नवनाथच्या हातावरही एक ठेवला. नवनाथला तो खाववला नाही.

दिवाळी झाली, उसाचा हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, तरी तो लेकीशी धड बोलला नाही. रविवारी ती घरी आली की तो जेवणाचं ताट घेऊन बाहेर ओट्यावर जायचा.

अशाच एका रविवारी मच्छिंद्र फटफटीवरून आला. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागला.

"नवनाथा, त्यो रविराज पार अडकला रं! गाळ्यावर पतसंस्थेचं कर्ज निघालं. आत जुना भाडेकरू, त्यानं कोर्टातनं स्टे आणला. लिलावाच्या कागदावर आधीच लिवल्यालं, 'मालमत्ता जशी आहे तशी' म्हणून. आता कुणाला बोल लावतोय?"

नवनाथच्या हातातला घास थांबला. मच्छिंद्रनं दारात उभ्या करुणाकडं बोट केलं.

"हिनं वाचवलं तुला. आतली बातमी व्हती हिला. म्हून तर भर सभेत उठवलं बापाला."

"नाही मामा," करुणा म्हणाली. "माझ्याकडं फक्त घरपट्टीची फाईल होती. बाकीचं मला काहीच माहीत नव्हतं."

मच्छिंद्र डोळा मिचकावून हसला. "आसं समद्यांम्होरं कोण कबूल करंल?"

नवनाथनं ताट खाली ठेवलं. कितीतरी महिन्यांनी त्यानं लेकीकडं नीट बघितलं. मग तो ताठ बसला.

"खरं बोलतीय ती, मच्छिंद्रा. हिला ठाऊक आसतं, तर एकट्या बापाला न्हाई, त्या रविराजलाबी सांगितलं आसतं."